आकाशांतला शेजारी आणि आकाशांतला देव

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल कीं, कपाशीला भाव नाहीं, विहिरीला पाणी नाहीं, आणि हे गृहस्थ चांदण्यांवरच्या माणसांच्या गोष्टी सांगायला आले! पण हा विषय मीं उगाच घेतलेला नाहीं. आपल्याच लोकांनीं तो काढला आहे. देवाच्या नांवावर चालणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध बोलायला कोणी उभा राहिला, कीं सभेंतला एखादा वडीलधारा माणूस हमखास विचारतो, "काहो भाऊ, देव कोनं पाह्यला म्हनून तुमी आमाले पुसता, मंग त्या चांदन्यायवरचे मान्सं तरी कोनं पाह्यले? तुमच्या सायन्सवाल्यायनं न पाह्यता मानलं तं चालते, आन् आमी मानलं तं आमी अडानी?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्याला याचें सरळ उत्तर देतां येत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल बोलूं नये. म्हणून आज या प्रश्नाचेंच उत्तर देण्याचा प्रयत्न करतों.

आधीं दोहोंतलें साम्य प्रामाणिकपणें कबूल करूं. परग्रहावरचा जीव आजपर्यंत कोणी पाहिलेला नाहीं. देवहि कोणी कोणाला हाताला धरून दाखविलेला नाहीं. दोन्ही विश्वासांच्या मुळाशीं माणसाची एकच हुरहुर आहे. रात्रीं जागलीला माचीवर पडलेला शेतकरी वर पाहतो, तेव्हां त्याच्या मनांत येतें कीं, एवढ्या पसाऱ्यांत आपण एकटेच आहों काय? आपलें कोणी ऐकत असेल काय? असें वाटणें हा माणसाचा स्वभाव आहे. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तिसरें साम्य असें कीं, दोन्ही विश्वासांवर दुकान मांडून बसणारे लोक जगांत आहेत.

मग फरक कोठें आहे? माझें म्हणणें असें आहे कीं, माणूस काय मानतो यापेक्षां तें कसें मानतो आणि त्याचा पैसा कोणाच्या गांठीं जातो, यावरून विश्वासाची पारख करावी. हें उदाहरणांनीं दाखवितों.

शास्त्रज्ञ काय म्हणतात? आपला सूर्य हा एक तारा आहे. आपल्या आकाशगंगेंतच असे १०,००० कोटींहून अधिक तारे आहेत. १९९५ सालीं सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह प्रथम सांपडला, आणि त्यानंतर दूरच्या ताऱ्यांभोंवतीं फिरणारे ५,००० हून अधिक ग्रह सांपडले. मात्र त्यांपैकीं एकावरहि जीव असल्याचा पक्का पुरावा मिळालेला नाहीं. म्हणून खरा शास्त्रज्ञ "आहेत" म्हणत नाहीं, "असतील" म्हणतो. आपल्या बांधावर बोर उगवली, तर तशीच माती व तसेंच पाणी असलेल्या दुसऱ्या शिवारांतहि बोर असेल, असा अंदाज आपण करतोंच. अंदाज करण्यांत चूक नाहीं. पण तिकडे जाऊन न पाहतां त्या झाडाचीं बोरें बाजारांत विकायला काढणें ही लबाडी आहे.

आतां अंदाज चुकला तर काय होतें तें पहा. १८७७ सालीं इटलींतील शियापारेली नांवाच्या विद्वानाला दुर्बिणींतून मंगळावर रेघा दिसल्या. त्यानें वापरलेल्या शब्दाचा इंग्रजींत "कालवे" असा अर्थ घेतला गेला. मग अमेरिकेंतील लॉवेल नांवाच्या श्रीमंत गृहस्थानें स्वतःच्या पैशानें वेधशाळा बांधली आणि पुस्तकें लिहून सांगितलें कीं, मंगळावर पाणी आटत चाललें आहे, आणि तेथले शहाणे लोक ध्रुवाकडील बर्फाचें पाणी कालव्यांनीं जमिनीवर फिरवीत आहेत. गोष्ट किती गोड! आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला तर ती लगेच पटावी. पुष्कळ विद्वानांना तेव्हांच शंका होती. पुढें १९६५ च्या जुलैंत मरिनर-४ हें यान मंगळाजवळून गेलें आणि त्यानें छायाचित्रें धाडलीं. त्यांत कालवे नव्हते. खड्डे आणि उजाड जमीन होती. तेथें ती गोष्ट संपली. कालवे आहेतच, पण ते पाप्यांना दिसत नाहींत, असें कोणी म्हटलें नाहीं. ज्यांनीं शंका काढली होती त्यांना कोणी वाळींत टाकलें नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतलें उदाहरण घ्या. कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर २०२५ सालीं वारले. आकाशांतून सूक्ष्म जीव पृथ्वीवर येत असावेत, ही कल्पना त्यांना विचार करण्यासारखी वाटे. पण वाटणें आणि सिद्ध होणें यांतला फरक ते जाणून होते. म्हणून त्यांनीं इतर शास्त्रज्ञांबरोबर २००१ सालीं आणि पुन्हां २००५ सालीं हैदराबादेहून मोठा फुगा आकाशांत सोडविला. त्यावर निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून खालीं आणली, आणि दुसऱ्या खेपेचे नमुने हैदराबाद व पुणें येथील दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांना तपासायला दिले. त्यांत तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाले. २००९ सालीं ही बातमी जाहीर झाली, तेव्हां इस्रोनें काय म्हटलें? हे जीव पृथ्वीबाहेरून आले असें यावरून ठामपणें सिद्ध होत नाहीं, असें त्यांनीं स्वतःच सांगून टाकलें. आपल्याच प्रयोगाबद्दल असें बोलायला मोठें मन लागतें. एखाद्या बुवाला असा शोध लागला असता, तर दुसऱ्या दिवशीं तेथें मठ उभा राहून नारळाचें दुकान लागलें असतें!

आतां आपल्या वऱ्हाडांत या. लोणारचें सरोवर आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. काळ्या पाषाणांत सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा वाटोळा खड्डा, आणि तळाशीं खारें पाणी. हा कोणीं केला? आपल्या आज्यापणज्यांनीं सांगितलें कीं, तेथें लवणासुर नांवाचा दैत्य जमिनीखालीं राहत असे. विष्णूनें त्याच्या बिळाचें झांकण पायाच्या अंगठ्यानें उडविलें आणि त्याला मारलें. गांवांत दैत्यसूदनाचें सुंदर कोरीव देऊळ आहे. पुढें इंग्रज आले. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या अधिकाऱ्यानें ही जागा पाहून तिची नोंद केली. त्यानंतर बरेच दिवस विद्वान म्हणत कीं, हें ज्वालामुखीचें तोंड आहे. तेंहि चूकच ठरलें. खड्ड्याच्या तळाला भोकें पाडून आंतला दगड काढला, तेव्हां त्यांत अशी कांच सांपडली, जी केवळ प्रचंड आघातानेंच तयार होते. १९७३ सालीं हें प्रसिद्ध झालें, आणि आकाशांतून पडलेल्या अशनीनें हा खड्डा झाला हें नक्की झालें. तो केव्हां पडला? आधीं सुमारें ५० हजार वर्षें म्हणत. मग निराळ्या रीतीनें मोजल्यावर कांहीं संशोधक सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें म्हणूं लागले.

कोणी म्हणेल, "पाहा, तुमचे शास्त्रज्ञ रोज बोलणें बदलतात!" होय, बदलतात. सुतार लांकूड कापण्याआधीं दोनदां मोजतो, आणि दुसऱ्या मापांत चूक दिसली तर पहिली खूण पुसतो. जो सुतार पहिली खूण पुसायला तयार नाहीं, त्याच्याकडून आपण दार करून घेऊं काय?

याच सरोवराचें पाणी २०२० च्या जून महिन्यांत गुलाबी झालें. कोणी चमत्कार म्हणालें, कोणी अपशकुन म्हणालें. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें, आणि पाणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत तपासलें गेलें. उत्तर असें आलें कीं, पाणी आटून खारेपणा वाढला, आणि खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं तो रंग आणला. आतां यांतली मौज पहा. लोणारचा काळा पाषाण मंगळावरच्या पाषाणासारखा आहे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. जेथें इतर जीव तगत नाहींत, अशा पाण्यांतहि हे जीव तगतात. तर मग दुसऱ्या ग्रहावर कां नसतील, असा प्रश्न ते विचारतात. म्हणजे आकाशांतल्या शेजाऱ्याचा जो शोध जगांत चालला आहे, त्याची एक वाट आपल्या लोणारवरून जाते. लवणासुराच्या गोष्टीनें आपलें कुतूहल जागें केलें, हें तिचें श्रेय आहे. पण आपण त्या गोष्टीपाशींच थांबलों असतों, तर हें कांहींच कळलें नसतें.

आणखी एक आठवण देतों. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भांतल्या अनेक गांवांतून लोकांनीं आकाशांत जळत जाणाऱ्या ज्वाळांची रांग पाहिली. कोणी उल्का म्हणालें, कोणी विमान पडलें म्हणालें, कोणी उडती तबकडी म्हणालें. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांत सिंदेवाही तालुक्यांतल्या लाडबोरी गांवीं सुमारें तीन मीटर रुंदीचें धातूचें कडें पडलें. जवळपास धातूचे गोळेहि सांपडले. इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. तज्ज्ञांनीं हिशेब करून सांगितलें कीं, २०२१ सालीं चीननें उडविलेल्या अग्निबाणाचा तो टप्पा असावा. थोडें थांबून तपास केला, तर आकाशांतून आलेल्या वस्तूचाहि पत्ता लागतो. त्या रात्रीं गांवच्या लोकांनीं तें कडें देवळांत न ठेवतां पोलिसांना कळविलें, हें मला फार मोलाचें वाटतें.

पण बंधूंनो, शास्त्राच्या नांवानेंहि भोंदूपणा चालतो, हेंहि सांगितलें पाहिजे. १९६८ सालीं डॅनिकेन नांवाच्या स्विस लेखकानें पुस्तक लिहून सांगितलें कीं, जुन्या लोकांचे देव म्हणजे परग्रहावरून आलेले पाहुणे होते, आणि जुनीं मोठमोठीं बांधकामें त्यांच्या विद्येनें झालीं. पुस्तकाच्या लाखों प्रती खपल्या. त्याच वाऱ्यावर पुढें टीव्हीवाल्यांनीं आपल्या वेरूळचें कैलास लेणेंहि परग्रहवासीयांच्या पदरांत टाकलें. माणसाच्या हातून असें होणेंच शक्य नाहीं, म्हणे!

पाथरवट, सुतार, लोहार बंधूंनो, हें तुमच्या घरावरचें संकट आहे. कैलास लेणें आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचें. एकाच डोंगराला वरून खालीं कोरीत आणून तें केलें आहे. छिन्नीच्या खुणा भिंतींवर अजून दिसतात. अजिंठ्याला अर्धवट राहिलेलीं लेणीं आहेत. काम कसें सुरू करीत, दगड कोणत्या क्रमानें काढीत, हें तेथें उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें. बडोद्याला सांपडलेल्या सुमारें इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटांत या देवळाचें वर्णन आहे असें विद्वान मानतात. त्यांत म्हटलें आहे कीं, विमानांतून जाणारे देव तें पाहून थक्क झाले, आणि करणाऱ्या कारागिराला स्वतःलाहि नवल वाटलें कीं, हें आपल्या हातून झालें कसें! बाराशें वर्षांपूर्वींच्या त्या लेखकाला एवढें ठाऊक होतें कीं, देव आकाशांतून नुसते पाहत होते आणि काम खालीं कारागीर करीत होता. पूर्वीं आमच्या हातच्या कामाचें श्रेय देवांना जाई आणि दक्षिणा भटाला. आतां श्रेय तबकडीवाल्यांना आणि पैसा टीव्हीवाल्यांना. कारागिराचें नांव दोन्ही वेळां पुसलें जातें. तेव्हां आकाशांतल्या शेजाऱ्यावरचा विश्वासहि डोळे मिटून धरला, तर तो जुन्या अंधश्रद्धेचाच भाऊ होतो.

आतां देवाविषयीं. मी येथें कोणाच्या घरांतला देव काढून टाकायला आलेलों नाहीं. जोतिराव फुल्यांचें सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या मागून १८९१ सालीं निघालें. त्यांत त्यांनीं निर्मिकाला मानलें आहे, आणि तो निर्मिक अफाट पोकळींतल्या अनंत सूर्यमंडळांचा व ग्रहोपग्रहांचा कर्ता म्हणून सांगितला आहे. एवढ्या सूर्यांचा जो धनी, तो अमुक जातीच्या हातचा नैवेद्य घेतो आणि अमुक जातीच्या सावलीनें बाटतो, हें कसें संभवेल? आकाश जितकें मोठें कळत जाईल, तितका मधला दलाल लहान दिसूं लागेल. अमरावतीस १९२७ सालीं अंबादेवीच्या देवळांत अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा यासाठीं चळवळ करावी लागली. देवळाला कुलूप लागतें. आकाशाला कोणाच्या बापाला कुलूप लावतां आलेलें नाहीं.

आणि गाडगेबाबा तर आपल्या अमरावती जिल्ह्याचे. शेंडगांवच्या परीट घरांत १८७६ सालीं जन्मले, १९५६ सालीं गेले. दिवसा खराट्यानें गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तनांत लोकांनाच प्रश्न विचारावे, कीं देवाला बकरें कशाला, सणाला कर्ज कशाला? धर्मशाळा बांधल्या, भुकेल्यांना जेवूं घातलें, पण देव दाखवितों म्हणून कोणाकडून पैसा घेतला नाहीं. अशा माणसाकडे देवाचा पुरावा मागण्याचें कारणच पडत नाहीं. भुकेल्याच्या ताटांतली भाकर हाच त्याचा देव, आणि ती तर समोर दिसते. पुरावा मागायचा तो जो तुमच्या पोराचें विष उतरवितों म्हणतो त्याच्याकडे, जो गुप्तधन काढून देतों म्हणतो त्याच्याकडे, जो ग्रह फिरलेत म्हणून शांतीचे रुपये मागतो त्याच्याकडे. साप चावलेलें लेकरूं दवाखान्याऐवजीं भगताकडे नेलें, तर तेथें गेलेली एक घटका जीव घेते. तेथें "श्रद्धेचा प्रश्न आहे" म्हणून गप्प बसणें पाप आहे.

म्हणून मी म्हणतों, कोणताहि विश्वास घरांत घेण्यापूर्वीं सुपांत घालून पाखडावा. हें कोणाला कसें कळलें? हें खोटें असेल तर तें आपल्याला कसें कळेल? याचा पैसा कोणाला मिळतो? आणि हें मानल्यानें मी शेजाऱ्याशीं बरा वागेन कीं वाईट? हे चार प्रश्न चांदण्यांवरच्या माणसांना लावा, घरच्या देवालाहि लावा. बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळची घटमांडणी आपल्याला ठाऊक आहे. अक्षय्यतृतीयेला घट मांडतात, आणि दुसऱ्या दिवशीं पाऊसपाणी व पिकें यांचें भाकीत सांगतात. त्यावर वाद कशाला घालावा? तें भाकीत शब्दशः वहींत लिहून ठेवा, महिनेवार पाऊस मोजून शेजारीं लिहा, आणि दिवाळीला ताळा करा. पांच वर्षें असें करा. जें उतरेल तें खरें. वेधशाळेच्या अंदाजालाहि हीच वही लावा. तेथें भीड नको.

असे प्रश्न विचारणें फुकट मिळालेलें नाहीं. अनंत सूर्य आणि अनंत पृथ्व्या आहेत असें म्हणणाऱ्या ब्रूनोला त्याच्या धर्माविरुद्धच्या मतांसाठीं १६०० सालीं रोममध्यें जिवंत जाळलें. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानें मंजूर केला. ज्यांनीं जीव दिले, त्यांच्या पुण्याईवर आज आपलीं पोरें हात वर करून "कशावरून?" असें विचारूं शकतात.

आणखी एक गोष्ट सांगून संपवितों. ५ सप्टेंबर १९७७ ला अमेरिकेनें व्हॉयेजर-१ हें यान सोडलें. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. कोणी दूरचा शेजारी भेटलाच, तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून तींत ५५ भाषांतून नमस्कार आहेत, आणि त्यांत आपली मराठी आहे. हिंदुस्थानचें म्हणून एकच गाणें आहे, तें गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें. यान निघाल्यावर अकराच दिवसांनीं केसरबाई वारल्या. त्यांचा आवाज आतां सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे, आपल्यापासून सुमारें अडीच हजार कोटी किलोमीटरांवर चालला आहे. जवळच्या ताऱ्याएवढें अंतर तोडायलाच त्याला ७० हजारांहून अधिक वर्षें लागतील. कोणी ऐकेल याची खात्री नाहीं, तरी हांक मारली आहे. ही प्रार्थनाच नव्हे काय? पण हांक मारणारांनीं उत्तर आल्याची थाप मारलेली नाहीं. १९६० सालीं ड्रेक या शास्त्रज्ञानें दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण लावून कांहीं महिने कान दिला, आणि कांहीं ऐकूं आलें नाहीं असें जगाला सांगितलें. तेव्हांपासून ऐकणें चालूच आहे.

असें हांक मारणें आणि असें खरें सांगणें, दोन्ही आपल्या मुलांना शिकवा. सुगी आटोपली कीं त्यांना एस.टी.त घालून लोणारला न्या. दैत्यसूदनाचें देऊळ दाखवा, तें कोरणाऱ्या हातांविषयीं सांगा. मग खड्ड्याच्या काठावर उभें करून लवणासुराचीहि गोष्ट सांगा आणि अशनीचीहि सांगा. आणि दोहोंपैकीं कोणती कशावरून कळली, हें त्यांनाच विचारा. मुलींना बरोबर न्यायला विसरूं नका.